गेटच्या आतलं घर, गेटच्या बाहेरचं घर

‘फौजी घर’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यातली तीन पत्रं निवडली आहेत. तिन्ही वेगवेगळ्या माणसांची, पण एका धाग्यातली. म्हणून एकाच अंकात घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मानकापूरला आमची दहा फ्लॅटची सोसायटी आहे. मी खाली राहते, वरचा फ्लॅट भाड्याने देते. आमचे मिस्टर एसटीत बत्तीस वर्षं होते, चार वर्षांपूर्वी गेले. जूनपासून वर नागालँडची एक मुलगी राहते, सात वर्षांच्या पोराला घेऊन. नवरा कामठीला गार्ड्स रेजिमेंटमध्ये होता, आता फील्डला, सीमेकडे गेला. क्वार्टर सोडावं लागलं, पोराची शाळा मोडायची नव्हती, म्हणून बाहेर घर घेतलं. भाडं एक तारखेला येतं, घर लख्ख ठेवते. पण आठवड्यातून एकदा काहीतरी आंबवलेलं शिजवते, जिनाभर वास येतो. मीटिंगमध्ये सगळे मला म्हणाले, दिवाळीच्या आत खाली करून घ्या. पोरं तिच्या पोराला ‘चिनी’, ‘मोमो’ म्हणतात. महिना झाला, तो खाली खेळायला आला नाही. मला तिला काढायचं नाही. पण बाकीच्या आठ घरांसोबतही मला आयुष्य काढायचं आहे. काय करू?
— एक घरमालकीण, मानकापूर

उत्तर : तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात, म्हणून काकू म्हणते. काकू, आधी वासाचं बोलू, कारण भांडण तिथून उठलं आहे.

उन्हाळ्यात तुमच्याकडे कुरडया होतच असतील. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, तरी तिसऱ्या दिवशी अंगणात असा आंबूस वास सुटतो की रस्त्यावरच्या माणसाला कळतं. मग तो वाटायचा, चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा. त्या वासाला आपल्याकडे कोणी नाव ठेवत नाही. ‘कुरडया चालू आहेत वाटतं’ म्हणतात, आणि पोरं वाट्या घेऊन गरम चीक खायला येतात. तुमच्या भाडेकरणीच्या घरी शिजतं ते बहुतेक अखुनी असावं. सोयाबीन उकडायचं, पानात बांधायचं, चुलीच्या उबेला काही दिवस ठेवायचं. आंबलं की चटणीत नाही तर रश्शात घालायचं. सोयाबीन, काकू. आपल्या उमरेडकडच्या शेतात उभं असतं तेच.

दिल्लीत २००७ साली पोलिसांनी ईशान्येकडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ आजूबाजूला गडबड न होता शिजवा, असा सल्ला त्यात होता. मुलींनी कपडे कसे घालावे तेही सांगितलं होतं. घरापासून दोन हजार किलोमीटरवर आलेल्या पोरांनीच सगळं जुळवून घ्यायचं, हे मला तेव्हा फार लागलं होतं. कारण तोवर मी स्वतः दार लावून घेणारी शेजारीण होऊन चुकले होते.

१९९४ साली आम्ही बबिन्याला होतो, झाशीजवळची छावणी. आमचे हे तेव्हा नाईक. शेजारच्या क्वार्टरमध्ये मणिपूरचं कुटुंब. तिला मी इचे म्हणायची, त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. ती ङारी शिजवायची, म्हणजे आंबवलेली मासळी. पहिले दोन-अडीच महिने तिच्या चुलीवर भांडं चढलं की मी मागचं दार लावायची. कडी जोरात लागायची, मला त्याचं काही वाटत नसे.

मग एका रात्री, पलटण राजस्थानात महाजनच्या रेंजवर फायरिंगला गेलेली, लाइनीत, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेत, सगळ्या बायकाच, दीड वाजता माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला तीन आठवडे होते. मी भिंतीवर हात मारला. इचे आली, मला पाहिलं, एक शब्द न बोलता गेट पोस्टकडे धावत गेली आणि अँब्युलन्स घेऊन आली. माझ्या चपला सापडेनात, तर स्वतःच्या माझ्या पायात घातल्या. एक नंबर लहान होत्या, टाचा बाहेर. ती अनवाणी एमएचला, म्हणजे लष्करी दवाखान्यात, आली आणि उजाडेपर्यंत बाकावर बसली. मोठा मुलगा त्या रात्रीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डबा आणला. भात, उकडलेला पालक, आल्याचा तुकडा. ङारी नव्हती. ती जे काही शिजवायची त्या सगळ्यात घालायची, माझ्या डब्यात मात्र तिने ती घातली नव्हती. माझी लावलेली कडी तिला ऐकू येत होती.

आता तुमचं. तुमची सोसायटी नोंदणीकृत असेल, तर फ्लॅट भाड्याने दिल्याचं संस्थेला कळवावं लागतं, परवानगी मागावी लागत नाही. करारनामा आणि भाडेकरूची पोलिसांत दिलेली माहिती, एवढे दोन कागद जवळ ठेवा. पुढच्या मीटिंगला कोणी म्हणालं ‘खाली करा’, तर शांतपणे म्हणा, ‘कारण लिहून द्या, सही करा.’ कोणी सही करणार नाही. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे आहे का, बघा. असेल तर एक्झॉस्ट फॅन तुमच्या पैशाने लावा. मालकाचंच काम आहे ते, आणि लोकांची कुरकूर निम्मी तिथेच मिटेल.

पोराचं मात्र फॅन लावून मिटणार नाही. ‘चिनी’ म्हणणाऱ्या पोरांना दटावलं तर ती तुमच्यासमोर गप्प बसतील आणि मागे दुप्पट म्हणतील. त्यांच्या आयांशी बोला. मीटिंगमध्ये नको, एकेकीच्या घरी जाऊन. एवढंच सांगा : या पोराचा बाप आत्ता सीमेवर आहे, आणि रात्री फोन आला की पोरगं त्याला सांगतं ‘सब ठीक’. मी असे फोन खूप ऐकले आहेत, काकू. फील्डमधल्या माणसाला घरचं दुःख सांगायचं नाही, हे फौजी घरातलं मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं. सात वर्षांचं पोर महिनाभर खाली येत नाही आणि बापाला सांगतही नाही. हे सगळं त्याच्या एकट्याच्या छातीत साठतंय. त्याच्या क्लास टीचरलाही कळायला हवं. आईची हिंदी अडखळत असेल तर तुम्ही सोबत जा.

कायदाही आहे. २०१२ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येतल्या अनुसूचित जमातीच्या माणसाला ‘चिंकी’ म्हणून हिणवलं तर अॅट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई करावी. २०१४ साली ईशान्येतल्या लोकांच्या अडचणी पाहायला नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून अपमान करणं हा वेगळा गुन्हा करावा, अशी शिफारस केली. सोसायटीतल्या मोठ्या माणसांपैकी कोणी तिला असं बोललं तर हे त्याला जरूर ऐकवा. पोरांवर मात्र वापरू नका. आणि तक्रार करायची की नाही, पलटणीच्या कामठीतल्या लोकांना कळवायचं की नाही, हे तिला विचारा. तिच्या वतीने आपण ठरवायचं नाही. तिला भीती असेल की गोष्ट नवऱ्यापर्यंत पोचेल. ती भीती खरी आहे.

प्रश्न : ताई, मी नागपुरात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी, करतो. अमेरिकेतल्या लष्करी कुटुंबांच्या सुखदुःखात वंशानुसार काय फरक पडतो, यावर वर्गात मांडणी करायची आहे. आमचे सर म्हणतात, आपल्याला हे लागू नाही, आपल्या फौजेत सगळे एकाच लंगरमध्ये जेवतात. तुम्ही इतकी वर्षं छावणीत काढलीत. तुम्हाला काय वाटतं?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुझे सर लंगरबद्दल बरोबर बोलतात. पण लंगरमध्ये जवान जेवतो. त्याची बायको आणि पोरं कुठे राहतात, कुठे जेवतात, तिथून तुझा विषय सुरू होतो.

अमेरिकेचं घे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी आदेश क्रमांक ९९८१ काढला आणि लष्करात वंशाचा भेद न करता समान वागणूक, समान संधी मिळेल असं जाहीर केलं. तोवर काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या होत्या. कोरियाचं युद्ध मध्ये आलं, आणि १९५४ पर्यंत त्या वेगळ्या तुकड्या संपल्या. जवानापुरतं काम झालं. पण तोच जवान दक्षिणेतल्या एखाद्या तळावर बदलून गेला की तळाबाहेरच्या गावात त्याच्या बायकोला घर मिळत नसे, पोराला जवळच्या शाळेत घेत नसत, हॉटेलात बसू देत नसत. तळावर क्वार्टर पुरेसे नसायचे, म्हणजे बाहेर राहणं भागच.

राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६२ मध्ये गेसेल नावाच्या वकिलाच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. पुढच्या वर्षी तिने अहवालात लिहिलं की तळाबाहेरचा भेदभाव हा लष्कराचा स्वतःचाच प्रश्न आहे. जवानाचं कुटुंब अपमान गिळत असेल तर त्याचं मन कामावर कसं राहील? त्यावर संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी २६ जुलै १९६३ ला, ट्रूमनच्या आदेशाला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या दिवशी, कमांडरांना सांगितलं की बाहेरच्या भेदभावावरही तुम्ही लक्ष ठेवायचं. तरी घरं मिळेनात. शेवटी १९६७ मध्ये वॉशिंग्टनशेजारच्या मेरीलँड राज्यात मॅकनामारांनी हुकूम काढला : जो घरमालक काळ्या जवानाला भाड्याने देणार नाही, त्याच्याकडे यापुढे कोणत्याच जवानाने घर घ्यायचं नाही, मग तो गोरा का असेना. मालकांच्या खिशाला लागलं तेव्हा दारं उघडली. घरांसाठी देशभराचा कायदा व्हायला १९६८ उजाडलं. म्हणजे जवानाला समान मानलं त्यानंतर त्याच्या बायकोला घर मिळायला वीस वर्षं लागली. तुझ्या मांडणीत हे वीस वर्षांचं अंतर ठळक लिही. माझ्या मते सगळा विषय त्यात आहे.

आता दुसरी बाजू, तीही तितकीच खरी. अमेरिकेत सर्वसामान्य समाजात काळ्या जोडप्यांचे संसार गोऱ्यांपेक्षा जास्त मोडतात. कितीतरी लोक याचा दोष ‘त्यांच्या पद्धतीं’ना देतात. २००६ मध्ये एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी फौजेतल्या तरुण जोडप्यांचा अभ्यास मांडला, आणि तिथे हा फरक जवळपास नाहीसा झालेला दिसला. काळ्या-गोऱ्या दोघांनाही महिन्याचा पगार वेळेवर, घर, दवाखाना, वरच्या माणसाचं लक्ष. एवढं सारखं मिळालं तर संसारही सारखेच टिकतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बबिन्याच्या लाइनी डोळ्यांसमोर आल्या. कोपऱ्यावर गढवालची, मग तमिळ, मग मी सावनेरची, मग इचे. सगळ्यांचं क्वार्टर दोन खोल्यांचं, सगळ्यांचा नळ सकाळी सहाला येणार, सगळ्यांचं पोर एमएचमध्ये एकाच रांगेत लस घेणार. भांडणं होती, पण ‘तुला घर देत नाही’ असं कोणी कोणाला म्हणू शकत नव्हतं.

कामठीत तर हे विशेष. गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर तिथे आहे. १९४९ साली लष्करप्रमुख करिअप्पांनी ही रेजिमेंट उभी केली ती मुद्दाम सगळ्या देशातून, सगळ्या जातीजमातींतून माणसं घेऊन. त्याआधी इंग्रजांची पद्धत होती, ‘लढाऊ जमाती’ निवडायच्या आणि बाकीच्यांना दार बंद. आपल्याच भागातल्या महारांना आधी पलटणीत घेतलं, १८९०च्या दशकात भरती थांबवली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. भरती थांबते तेव्हा एका जवानाची नोकरी जाते एवढंच होत नाही. त्याच्या पोरांची छावणीतली शाळा जाते, दवाखाना जातो, पेन्शन जाते.

आणि छावणीच्या गेटच्या आत-बाहेरचं म्हणशील, तर दीक्षाभूमीच्या या गावात मी तुला बाबासाहेबांचं बालपण काय सांगू? वडील सुभेदार, फौजी शाळेत शिकवणारे. जन्म महूच्या छावणीतला, १८९१ चा. छावणीत या घराने लिहिणं-वाचणं कमावलं. वडील निवृत्त झाले, आणि पुढे तेच पोर भाऊ आणि भाच्यांसोबत मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघालं, तर जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकली, गाडीवान पायी चालला, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. सोबत डबा भरलेला, पण पाण्यावाचून जेवता येईना. सुभेदाराच्या घरची पोरं होती ती. याला ‘आपल्याला लागू नाही’ कसं म्हणायचं?

माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. बबिन्यानंतर इचेच्या नवऱ्याची बदली एका मोठ्या शहरात झाली. पीस पोस्टिंग, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी; सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिथे क्वार्टर नव्हतं, लिव्हिंग आउट, म्हणजे छावणीबाहेर भाड्याने राहणं, करावं लागलं. तीन घरं नाकारली गेली. एका मालकाने तोंडावर विचारलं, ‘आप लोग कुत्ता खाते हो ना?’ चौथं घर मिळालं ते बाजारापेक्षा जास्त भाड्याने, गल्लीच्या टोकाला. तिची मोठी मुलगी, जी बबिन्यात माझ्या मांडीवर बसून पाढे म्हणायची, ती त्या शहरात शाळेत बोलेनाशी झाली. मी एकदा भेटायला गेले तेव्हा मालकीणबाई दारात उभी राहून मला विचारत होती, ‘तुम्ही यांच्याकडे कशा?’ मी म्हटलं, ‘फौजेतली ओळख.’ एवढंच म्हटलं. ‘ही माझी बहीण आहे’ हे म्हणायला हवं होतं, ते तोंडातून निघालं नाही. तीस वर्षं होत आली, ते वाक्य अजून घशात आहे.

तुझ्या सरांना हेही सांग की गेटच्या आत सगळं गोड असतं असं नाही. वरच्या पदांवर चित्र बदलतं. अमेरिकेत आज तीनातला जवळपास एक जवान अल्पसंख्याक वंशाचा आहे, पण जसजसं वर जावं तसे काळे अधिकारी विरळ होतात, आणि पदावरच घर, पगार, पेन्शन ठरतं. आपल्याकडे आतली भिंत भाषेची. फॅमिली मीटिंगला हिंदी येणारी बोलते, बाकीच्या मान डोलावतात. ज्या बाईला एमएचमध्ये दुखणं कुठे आहे ते सांगता येत नाही, तिचं दुखणं उशिरा कळतं. मी हे दोनदा पाहिलं आहे, आणि त्यातल्या एकीचं मूल गेलं.

तू अभ्यास करणार असशील तर कामठी रोडला ये, मी पाच-सहा घरं दाखवते, पण त्या बायकांना विचारून. आणि ‘तुमच्याशी भेदभाव होतो का’ असं कोणाला विचारू नकोस. सगळ्या ‘नाही’ म्हणतील, फौजी बायको तक्रार करत नाही. विचार : हे घर मिळायच्या आधी किती घरं पाहिली? मालकाने काय विचारलं? पोरगं संध्याकाळी कोणासोबत खेळतं? बाजारात कोणत्या दुकानात परत जात नाही? नवऱ्याला फोनवर शेवटचं खरं काय सांगितलं? या उत्तरांतून तुला फरक दिसेल.

प्रश्न : ताई, मी भंडारा जिल्ह्यातली. लग्नाला वर्ष झालं, मिस्टरांसोबत पंजाबात क्वार्टरमध्ये आहे. लाइनीतल्या सगळ्या पंजाबी बोलतात, मी गेले की गप्प होतात. दिवसभर एकटी असते. जेवण जात नाही, झोप नाही. मिस्टर म्हणतात सवय होईल. माझंच काही चुकतंय का?
— एक वाचक

उत्तर : नाही गं, तुझं काही चुकत नाही. त्या गप्प होतात ते तुला टाळायलाच असं समजू नकोस. बहुतेक वेळा, तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलावं हे त्यांना सुचत नसतं. सगळ्यांत एकदम जाऊ नकोस, एकीला गाठ. सकाळी नळावर जी आधी हसते ती. छावणीत फॅमिली वेल्फेअर सेंटर असेल, तिथे शिवणाचा नाही तर विणकामाचा वर्ग लाव. हाताला काम असलं की तोंडाला भाषा कमी लागते, आणि महिन्याभरात शब्द आपोआप येतात. मी गढवाली अशीच शिकले, स्वेटरच्या टाक्यांतून. घरून कोणी येणार असेल तर चिन्नोर तांदूळ मागव, आणि शिजवून शेजारी दे. पंजाबातला बासमती त्यांना ठाऊक आहे, आपला सुवास त्यांनी घेतलेला नसेल.

पण जेवण आणि झोप दोन्ही गेलेत, हे एकटेपणाच्या पुढचं आहे. त्याला ‘सवय होईल’ म्हणून सोडायचं नाही. याच आठवड्यात एमएचला जा आणि डॉक्टरला हेच शब्द सांग : जेवण जात नाही, झोप नाही, किती दिवस झाले ते. हिंदीत जमत नसेल तर कागदावर लिहून ने. तुझं नाव मिस्टरांच्या कागदांत चढलं आहे ना, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीतली लग्नाची नोंद, झाली आहे ना, ते आधी बघ. नवीन लग्नात पुष्कळदा ते राहून जातं आणि मग डिपेंडंट कार्ड अडतं.

आणि हे उत्तर वाचून झालं की अंक मिस्टरांच्या हातात दे.